यरुशलेमेस न पोहोचलेला यात्रेकरू

पायी यात्रा म्हणजे काय हे तळोद्याच्या मुलांना समजावून सांगण्याची गरज नाही. चैत्र लागला की सप्तशृंगीच्या गडाकडे चालत निघालेले खानदेशातील लोक आपण पाहतो. तापीकाठचे प्रकाशे तर आपल्या शेजारचेच. ख्रिस्ती लोकांतही अशा वाटा आहेत. त्यांपैकी अति प्रसिद्ध अशी एक वाट स्पेन देशाच्या उत्तर भागातून सांतियागो नगराकडे जाते. प्रेषित याकोबाची कबर तेथे आहे असे मानतात, व हजार वर्षांहून अधिक काळ लोक त्या वाटेने चालत आले आहेत. तिचा एक फाटा पिरनीज पर्वतातील सोंपोर्ट खिंडीतून उतरून आरागॉन नदीकाठच्या सांग्वेसा गावातून जातो. तेथील सांता मारिया मंदिराच्या दरवाजावर शेवटच्या न्यायाचा देखावा दगडात कोरलेला आहे, आणि थकलेला यात्रेकरू त्याखाली क्षणभर थांबूनच पुढे जातो. या गावापासून सुमारे 8 किलोमीटरांवर झेवियर नावाचा एक किल्ला आहे. त्या किल्ल्यात 7 एप्रिल 1506 रोजी फ्रान्सिस यांचा जन्म झाला. यात्रेकरूंच्या वाटेच्या कडेलाच त्यांचे बालपण गेले, हे पुढील चरित्र वाचताना ध्यानात ठेवावे.

बालपण सुखाचे मात्र नव्हते. त्यांचे वडील नवारे राज्याच्या राजाचे मंत्री होते. 1512 साली कास्तीलच्या सैन्याने ते राज्य जिंकले. 1515 साली वडील वारले. आणि पुढच्याच वर्षी किल्ल्याचे बुरूज पाडून टाकण्याचा हुकूम झाला. दहा वर्षांच्या मुलाने आपल्या घराचे बुरूज ढासळताना पाहिले. 1521 साली पाँप्लोना नगराच्या लढाईत त्यांचे वडील बंधू नवारेच्या बाजूने होते, तर समोर कास्तीलच्या बाजूने लढणाऱ्या एका सरदाराचा पाय तोफेच्या गोळ्याने मोडला. त्या सरदाराचे नाव इग्नेशियस लोयोला. काही वर्षांनी हाच शत्रुपक्षाचा सरदार, लंगडत चालणारा प्रौढ विद्यार्थी होऊन, पॅरिसच्या विद्यालयात फ्रान्सिस यांच्या खोलीत राहावयास आला!

फ्रान्सिस 1525 साली पॅरिसला गेले होते. हुशार, देखणे, नावलौकिकाची हाव असलेले. इग्नेशियसचा धर्मोपदेश त्यांना प्रथम मुळीच रुचला नाही. मन वळण्यास वर्षे लागली. अखेर 15 ऑगस्ट 1534 रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी दारिद्र्य व ब्रह्मचर्य यांचे व्रत घेतले आणि यरुशलेमेस यात्रेला जाण्याचा नवस केला. 1536 च्या नोव्हेंबरात ते पॅरिसहून पायीच निघाले आणि ऐन हिवाळ्यात, बर्फ तुडवीत, जानेवारी 1537 मध्ये व्हेनिसला पोहोचले. तेथे त्यांनी रुग्णालयात रोग्यांची सेवा केली आणि जहाजाची वाट पाहिली. पण तुर्कांशी युद्ध जुंपल्यामुळे त्या वर्षी यात्रेकरूंचे जहाज सुटलेच नाही. ज्या पवित्र नगरीसाठी ते एवढे चालले, ती त्यांनी जन्मात कधी पाहिली नाही.

पुढील हकिगत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पोर्तुगालच्या राजाला हिंदुस्थानासाठी धर्मोपदेशक हवे होते. ज्याची निवड झाली होती तो मित्र आजारी पडला, व आयत्या वेळी फ्रान्सिस यांना निघावे लागले. 7 एप्रिल 1541 रोजी, म्हणजे आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन सोडले; मोझांबिकला मुक्काम करून ते 6 मे 1542 रोजी गोव्यास उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यांतून मुलांना व गुलामांना गोळा करीत आणि शिकवीत. नंतर दक्षिणेच्या मोत्यांच्या किनाऱ्यावर, मलाक्केत, मोलुक्का बेटांत, आणि 15 ऑगस्ट 1549 रोजी जपानात. एवढा प्रवास, आणि त्यातला बराचसा पायी!

या धावपळीत एक खरी यात्रा मात्र त्यांना घडली. 1545 साली ते मैलापूरला प्रेषित थोमाच्या कबरीपाशी सुमारे चार महिने राहिले. मद्रास शहर तेव्हा अस्तित्वातही नव्हते. पुढे पूर्वेकडे जावे की नाही, हा प्रश्न मनाला छळत होता; प्रार्थनेअंती तेथेच निर्णय झाला व ते मलाक्केकडे निघाले. यरुशलेमेऐवजी त्यांना मैलापूर मिळाले, असे मला वाटते.

मी भाषेचा शिक्षक असल्यामुळे त्यांच्या एका चुकीकडे माझे लक्ष विशेष जाते. तमिळ त्यांना पुरतेपणी कधीच आली नाही. भाषांतर करवून घेतलेल्या प्रार्थना ते पाठ म्हणत. जपानात देवासाठी त्यांनी दाइनिची हा शब्द वापरला, आणि तो बौद्ध पंथातील बुद्धाचे नाव आहे हे पुढे कळल्यावर त्यांना तो टाकावा लागला. याच गोव्यात 1579 साली आलेले फादर थॉमस स्टीफन्स मराठी शिकले, आणि त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली राचोल येथे छापले गेले. दोघांच्या कामातील अंतर यात दिसून येते. आणखी एक गोष्टही लपवू नये. 1546 साली फ्रान्सिस यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायासन नेमण्याची विनंती केली होती. ते 1560 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, स्थापन झाले आणि त्याने लोकांवर जुलूम केले. संताच्या चरित्रातून ही ओळ खोडून टाकणाऱ्या लेखकाशी माझे जमत नाही.

जपानात 1551 च्या आरंभी ते कडाक्याच्या थंडीत चालत राजधानीस, आजच्या क्योतोस, गेले; पण सम्राटाची भेट झाली नाही. मग चीनचा ध्यास लागला. चीनचा किनारा समोर असलेल्या सांचियान बेटावर गवती झोपडीत त्यांना ताप आला. नेण्याचे कबूल केलेला व्यापारी आलाच नाही. 3 डिसेंबर 1552 रोजी, वयाच्या 46 व्या वर्षी, अंतोनियो नावाच्या चिनी सोबत्याजवळ त्यांनी देह ठेवला. यरुशलेमेप्रमाणे चीनही राहूनच गेला.

त्यांचे शव मलाक्केमार्गे 16 मार्च 1554 रोजी गोव्यास आले. 1622 साली त्यांना संतपद मिळाले. 1614 सालीच उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग रोमला पाठविला गेला होता. मी प्रॉटेस्टंट परंपरेत वाढलो. शवापुढे गुडघे टेकण्याची आम्हाला सवय नाही, आणि दहा वर्षांनी भरणारे त्याचे प्रदर्शन पाहावे की नाही याविषयी मी बरेच दिवस साशंक होतो. 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात ते भरले, तेव्हा अखेर गेलो. पणजीहून पहाटे निघालो. रायबंदरच्या दिशेने जाणारा लांबलचक दगडी पूल 1634 च्या सुमारास बांधलेला. एका बाजूला मिठागरे, दुसऱ्या बाजूला मांडवी. पुढे जुने गोवे. एके काळची राजधानी ती. रोगराईने ओस पडली, आणि आता झाडीतून मंदिरेच तेवढी डोके वर काढतात. संत आगस्तीनच्या मठाचा अर्धा उरलेला मनोरा, सी कॅथेड्रल, आणि संत पावलाच्या विद्यालयाची एकटी उभी कमान. या विद्यालयातच फ्रान्सिस यांचे शव प्रथम ठेविले होते.

वाटेत सिंधुदुर्गातून चालत आलेली एक मंडळी भेटली. चार दिवस चालून पायांना फोड आलेले. गोव्यात संतांना गोंयचो सायब म्हणतात. त्यांच्याही तोंडी तेच नाव होते. एका म्हाताऱ्या बाईने मला विचारले, तुम्ही कोठून आलात? तळोदा सांगितल्यावर तिला ते ठाऊक नव्हते. नंदुरबार म्हटले, तेव्हाही नाही. शेवटी मी सांगितले, सातपुड्याच्या पायथ्याहून; तेव्हा ती म्हणाली की मग तर फारच लांबून, आणि आपल्या पिशवीतील अर्धी भाकरी तिने मला दिली. मी रेल्वेने आलो होतो, चाललो ते पणजीपासूनच, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

रांगेत तीन तास गेले. चांदीच्या पेटीतील, काचेपलीकडचा तो लहानसा देह पाहिला. माझ्या पुढे तीच बाई होती. मी गुडघे टेकले नाहीत. पण तिचा तोल जाऊ नये म्हणून तिचा हात धरून उभा राहिलो. सांग्वेसाहून झेवियर किल्ल्यापर्यंतच्या शेवटच्या 8 किलोमीटरांवर दरवर्षी मार्च महिन्यात नवारेचे हजारो लोक असेच चालतात, हे मला तेव्हा आठवले.