कागद, पेन्सिल आणि सैनिकाचे मन

क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वी रुग्णांना सॅनेटोरियममध्ये महिनोन्‌महिने नुसते पडून राहावे लागे. १९३८ मध्ये ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांच्यावर हीच वेळ आली. इंग्लंडमधील मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये ते खाटेजवळच्या वस्तूंची चित्रे काढू लागले. त्यातून मनाला उभारी येते, हे त्यांना जाणवले.

१८९५ मध्ये जन्मलेल्या हिल यांनी युद्ध जवळून पाहिले होते. पहिल्या महायुद्धात पुढे जाऊन शत्रूच्या ठाण्यांची रेखाटने करण्याचे काम त्यांच्याकडे होते. नंतर इम्पीरियल वॉर म्युझियमसाठी त्यांनी आघाडीवरची सुमारे १८० चित्रे काढली.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि जखमी सैनिक मिडहर्स्टला येऊ लागले. हिल त्यांना चित्रकला शिकवू लागले. काहींच्या कागदावर रणांगण आणि मनातली भीती उतरू लागली. या उपचाराला हिल यांनी १९४२ मध्ये ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिले आणि १९४५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

चित्रकला हा औषधाला किंवा समुपदेशनाला पर्याय नाही. तिची त्यांना जोड मिळते. आम्ही डॉक्टर जखम भरली की रुग्णाला घरी सोडतो. मनाची जखम मात्र एक्स-रेमध्ये दिसत नाही. घरातला माणूस दचकून उठत असेल, गप्प गप्प राहत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर दाखवा. आणि बोलायचा आग्रह धरण्याआधी त्याच्यासमोर कागद-पेन्सिल ठेवून पाहा.