फ्रेडरिक ऑगस्टस एबेल

सर फ्रेडरिक ऑगस्टस एबेल (१७ जुलै, १८२७ – ६ सप्टेंबर, १९०२) हे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ होते. तोफा-बंदुकांची धूरविरहित दारू सुरक्षित व भरवशाची करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

जीवन

एबेल यांचा जन्म लंडन येथे झाला. हॉफमन यांच्या हाताखाली त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. १८५२ मध्ये वुलिच येथील लष्करी अकादमीत मायकेल फॅरडे यांच्या जागी त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. पुढे १८८८ पर्यंत ते ब्रिटिश युद्धखात्याचे रसायनतज्ज्ञ होते.

गनकॉटनवरील संशोधन

कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून मिळणारे गनकॉटन १८४६ पासून ज्ञात होते. ते काळ्या दारूहून शक्तिशाली असले, तरी साठवणीत आपोआप पेट घेई. १८४७ मध्ये इंग्लंडमधील फॅव्हरशॅमच्या कारखान्यात प्राणघातक स्फोट झाला. ऑस्ट्रियातही कोठारे उडाली.

दोष पदार्थात नसून त्याच्या धुण्यात आहे, हे एबेल यांनी दाखविले. कापसाचा तंतू पोकळ नळीसारखा असतो. आत अडकलेले आम्ल वरवरच्या धुण्याने निघत नाही आणि तेच विघटनास कारण होते. म्हणून कागद कारखान्यातील यंत्राने तंतूंचा बारीक लगदा करून तो पुनःपुन्हा धुण्याची पद्धत त्यांनी १८६५ मध्ये पेटंट केली. माल पुरेसा शुद्ध आहे की नाही, हे ठरविणारी उष्णता-चाचणीही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

१८७१ मध्ये स्टोमार्केट येथे गनकॉटनच्या कारखान्यात भीषण स्फोट होऊन अनेक कामगार दगावले. चाचणीनंतर मालात कोणीतरी आम्ल मिसळल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला. पद्धत निर्दोष ठरली, तरी आम्लाचा अंश किती घातक असतो, हे पुन्हा दिसून आले.

कॉर्डाइट

१८८९ मध्ये एबेल व जेम्स ड्यूअर यांनी कॉर्डाइट तयार केले. त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन व ५ टक्के व्हॅसलिन असे. अ‍ॅसिटोनने मऊ केलेले हे मिश्रण छिद्रांतून दाबून त्याच्या दोऱ्या काढत. दोरीच्या जाडीवरून ज्वलनाचा वेग ठरविता येई. नळीला वंगण मिळावे म्हणून घातलेले व्हॅसलिन दारू टिकविण्यासही उपयोगी ठरले. मात्र अतिउष्णतेने नळ्या झिजू लागल्याने नंतर नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणावे लागले.

कॉर्डाइटमुळे आपल्या बॅलिस्टाइटच्या पेटंटचा भंग झाला, असा दावा आल्फ्रेड नोबेल यांनी केला. १८९५ मध्ये तो अखेर फेटाळला गेला.

अन्य कार्य व सन्मान

रॉकेलची वाफ किती तापमानास पेटते, हे मोजणारे एबेल उपकरण भारतातही वापरले गेले. एबेल यांना १८८३ मध्ये सर व १८९३ मध्ये बॅरोनेट हे किताब मिळाले.