विश्लेषण : बाळाच्या फाइलमधला ‘ॲपगार’ म्हणजे कोण? नवजात बाळाच्या श्वासाची नोंद ठेवायला लावणाऱ्या डॉक्टरची गोष्ट

प्रसूतीनंतर मिळणाऱ्या फाइलमध्ये बाळाच्या वजनाजवळ बहुतेकदा आणखी एक नोंद असते. ‘ॲपगार ८, ९’ अशी काहीतरी. घरातले सगळे वजन वाचतात, ही ओळ तशीच राहते. अनेकांना ते लघुरूप वाटते. खरे तर ते आडनाव आहे, डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांचे.

सर्जन व्हायचे होते, पण...

जन्म ७ जून १९०९, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात. एक भाऊ लहानपणीच क्षयाने गेला, दुसरा सतत आजारी. १९३३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या आणि शस्त्रक्रिया शिकू लागल्या. मंदीच्या त्या काळात स्त्री सर्जनचा जम बसणे कठीण, असे त्यांच्या वरिष्ठांचे मत होते. त्यांनी ॲपगार यांना भूलशास्त्राकडे वळवले. तिथे भूल देण्याचे काम तेव्हा मुख्यतः परिचारिका करत. १९३८ मध्ये ॲपगार त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. १९४९ मध्ये त्याला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला आणि प्रमुखपद एका पुरुष सहकाऱ्याकडे गेले. त्या मात्र त्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक ठरल्या आणि आपला मोर्चा त्यांनी प्रसूतिकक्षाकडे वळवला.

पाच मुद्दे आणि एक मिनिट

तिथे सगळ्यांचे लक्ष आईकडे. बाळ न रडता, निळसर जन्मले तर पुढे काय करायचे, हे त्या वेळी हजर असलेल्या डॉक्टरवर अवलंबून असे. एकदा कॅफेटेरियात एका विद्यार्थ्याने विचारले, की नवजात बाळाची तब्येत ठरवायची कशी? ॲपगार यांनी तिथेच पाच मुद्दे लिहून काढले: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. जन्मानंतर एका मिनिटाने मोजायचे. पाच मिनिटांनी पुन्हा मोजण्याची पद्धत नंतर आली. ही पद्धत त्यांनी १९५२ मध्ये मांडली, १९५३ मध्ये ती छापून आली.

त्यांची एक अट इंजिनीअर म्हणून मला फार आवडते. ज्याने प्रसूती केली, त्याने गुण द्यायचे नाहीत. कोड लिहिणाऱ्यानेच टेस्टिंग केले तर काय होते, हे आम्हाला चांगलेच ठाऊक आहे!

स्कोअर चांगला, तरी धाप का?

हा आकडा बाळाची त्या क्षणाची अवस्था सांगतो, कारण सांगत नाही. मुदतपूर्व बाळांत तर स्नायू आणि प्रतिसाद मुळातच कच्चे असल्याने गुण तसेही कमी येतात. अशा बाळाला धाप लागली की संशय फुप्फुसांवर जातो आणि बहुतेकदा तो बरोबरच असतो. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे उघडे ठेवणारा सर्फॅक्टंट कमी पडलेला असतो.

पण थोड्या बाळांत अडथळा वरच्या वाटेवर असतो. काहींचे नाक मागून हाडाने किंवा पडद्याने बंद असते. नवजात बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेते. म्हणून असे बाळ शांत असताना निळे पडते आणि रडले की गुलाबी होते. नाकपुडीतून बारीक नळी घशापर्यंत जात नसेल, तर शंका बळावते. काहींचा खालचा जबडा लहान असतो आणि जीभ मागे पडून वाट अडवते.

आणखी एक कारण उपचारातूनच येते. व्हेंटिलेटरची नळी बरेच दिवस राहिली तर स्वरयंत्राच्या खालचा भाग सुजून, व्रण भरताना अरुंद होऊ शकतो. नळी काढली की बाळाला पुन्हा धाप लागते, नळी परत घालावी लागते आणि दोष कच्च्या फुप्फुसांना दिला जातो. इथे दिवस वाया जातात. असे वारंवार घडत असेल तर दुर्बिणीने श्वासमार्ग पाहावा लागतो. कधी हा त्रास घरी आल्यावर उघड होतो. श्वास आत घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येणे, छाती आत ओढली जाणे, दूध पिताना निळे पडणे, यातले काहीही दिसले तर जन्मावेळचा स्कोअर पाहत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

पर्समध्ये चाकू आणि नळी

अडलेली श्वासाची वाट ॲपगार यांच्या डोक्यातून कधी जात नसे. त्या पर्समध्येही छोटा चाकू आणि श्वासनलिकेत घालायची नळी बाळगत. १९५९ नंतर त्यांनी ‘मार्च ऑफ डाइम्स’ संस्थेत जन्मजात दोषांवर काम केले. फावल्या वेळात त्या व्हायोलिन, व्हिओला बनवत. रुग्णालयाच्या टेलिफोन बूथमधली मॅपलची फळी आवडली म्हणून एका मैत्रिणीसोबत ती चक्क पळवली आणि तिच्या जागी दुसरी बसवली! त्या फळीची व्हिओलाची पाठ झाली.

७ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये अमेरिकेने त्यांच्यावर २० सेंटचे टपाल तिकीट काढले, तेव्हा त्यांनी बनवलेली वाद्ये डॉक्टरांनीच वाजवली.