अणूंची मोजदाद करणारे ज्याँ पेरँ

तेल आणि पाणी यांचे कधी पटत नाही. पाण्यात गोडे तेल टाकून ते कितीही ढवळले, तरी घटकाभराने तेल वर तरंगू लागते आणि पाणी खाली राहते. दुधात मात्र लोण्याचा अंश आणि पाणी गुण्यागोविंदाने एकत्र नांदत असतात. दुधातील स्निग्ध पदार्थाचे अतिशय बारीक थेंब पाण्यात सर्वत्र विखुरलेले असतात. दही घुसळताना रवीच्या हालचालीने हेच थेंब एकमेकांस चिकटतात आणि लोण्याचा गोळा ताकावर येतो. एखाद्या द्रवात न विरघळणाऱ्या दुसऱ्या पदार्थाचे असे सूक्ष्म थेंब पसरलेले असले, म्हणजे त्या मिश्रणास पायस म्हणतात. इंग्रजीत ज्याला इमल्शन म्हणतात, ते हेच.

हे थेंब केवढे असतात? ते सगळे एका जागी गोळा का होत नाहीत? प्रश्न दिसायला साधे आणि स्वयंपाकघरातले आहेत. परंतु त्यांचा पाठपुरावा करता करता एका फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याहून फार मोठ्या प्रश्नाचे उत्तर मिळविले. अणू आणि रेणू खरोखरच अस्तित्वात आहेत, की ती केवळ विद्वानांची कल्पना आहे, हा तो प्रश्न होय. त्या शास्त्रज्ञाचे नाव ज्याँ बातिस्त पेरँ.

पेरँ यांचा जन्म ३० सप्टेंबर १८७० रोजी फ्रान्सच्या उत्तर भागातील लील या शहरी झाला. त्या वेळी फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध चालू होते. त्यांचे वडील सैन्यात अधिकारी होते. शाळेतील शिक्षण आटोपल्यावर पेरँ यांना पॅरिसमधील एकोल नॉर्माल या नामांकित विद्यालयात प्रवेश मिळाला. तेथे शिकत असतानाच त्यांनी संशोधनास प्रारंभ केला. निर्वात नळीतून वीज सोडली असता जे कॅथोड किरण निघतात, त्यांच्याबरोबर ऋण विद्युत् वाहत असते, हे त्यांनी १८९५ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. पुढे दोनच वर्षांनी इंग्लंडमधील जे. जे. टॉमसन यांनी त्या किरणांतील कणांचे मापन केले आणि इलेक्ट्रॉनचा शोध जगापुढे आला. १८९७ मध्ये पेरँ यांना डॉक्टर ही पदवी मिळाली व लवकरच ते पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात भौतिकी रसायनशास्त्र शिकवू लागले.

त्या काळी रसायनशास्त्रज्ञ अणू व रेणू यांची नावे रोज घेत असत. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू असतो, असे विद्यार्थ्यांना शिकविले जाई. तथापि अणू कोणी पाहिला होता? जर्मनीतील विल्हेल्म ऑस्टवाल्ड हे त्या काळचे थोर रसायनशास्त्रज्ञ. त्यांचे मत असे की, जे दिसत नाही, मोजता येत नाही, ते खरे मानण्याचे कारण नाही. हिशेबाची सोय म्हणून अणू हा शब्द वापरावा, इतकेच. ऑस्ट्रियातील अर्न्स्ट माख यांचाही अणूंवर विश्वास नव्हता. हे दोघे हट्टी होते असे म्हणून भागणार नाही, कारण त्यांची मागणी रास्त होती. त्यांना पुरावा हवा होता.

पुराव्याचा धागा एका जुन्या निरीक्षणात दडलेला होता. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन हे स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाण्यातील परागांचे बारीक कण पाहत होते. ते कण क्षणभरही स्थिर राहत नव्हते. अखंड थरथरत आणि इकडे तिकडे सरकत होते. कण सजीव असतील म्हणावे, तर काचेची व दगडाची पूडही तशीच नाचू लागे. पुढे १९०५ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी गणिताने दाखविले की, पाण्याचे न दिसणारे रेणू चहूबाजूंनी कणावर आदळत असतील, तर तो असाच नाचला पाहिजे. आता प्रयोग करून हे गणित पडताळून पाहणारा कोणीतरी हवा होता.

पेरँ यांनी विचार केला तो हवेचा. हवेच्या रेणूंना वजन आहे. मग ते सारे जमिनीवर येऊन का पडत नाहीत? रेणूंची सततची धावपळ त्यांना वर उचलून धरते आणि वजन त्यांना खाली ओढते. या ओढाताणीत असा तोल साधतो की, जमिनीजवळ हवा दाट राहते व उंचावर ती विरळ होत जाते. सुमारे साडेपाच किलोमीटर उंचीवर हवेची दाटी निम्मी होते. पायसातील थेंब हे जर रेणूंसारखेच वागत असतील, तर पाण्याच्या एका थेंबातही असेच छोटेसे वातावरण तयार झाले पाहिजे. कण रेणूहून कोट्यवधी पटींनी जड, म्हणून त्याच प्रमाणात हे वातावरण ठेंगणे असेल. ते सूक्ष्मदर्शक यंत्राखाली मावेल, आणि त्यातील कण एक एक करून मोजता येतील!

कल्पना सुंदर होती. पण ती कसास लावणे अतिशय कष्टाचे होते. पहिली अट अशी की, पायसातील सर्व थेंब एकाच आकाराचे हवेत. दुधातील थेंब लहानमोठे असतात, म्हणून ते निरुपयोगी. पेरँ यांनी गॅम्बोज नावाचा पिवळा पदार्थ निवडला. कंबोडिया, सयाम इत्यादी देशांत एक झाड होते. आपल्या कोकणातील रातांबा ज्या वंशातला, त्याच वंशातले ते आहे. त्याच्या सालीस चीर दिली असता जो चीक पाझरतो, तो वाळवून गॅम्बोज तयार होतो. चित्रकार त्याचा रंग म्हणून उपयोग करीत आले आहेत. साबणाची वडी पाण्यात हाताने चोळावी तसा हा खडा चोळला, की पाणी पिवळेधमक होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तर त्यात असंख्य वाटोळे कण तरंगताना दिसतात.

परंतु हे कणही लहानमोठेच होते. त्यांची निवड करण्यासाठी पेरँ यांनी केंद्रोत्सारी यंत्राचा उपयोग केला. हे यंत्र मिनिटाला सुमारे अडीच हजार फेरे घेई. या गतीने फिरणाऱ्या भांड्यातील कणांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे हजारपट जोर येतो. त्यामुळे मोठे कण आधी तळाशी बसत व बारीक कण वर राहत. वरचे पाणी काढून घ्यायचे, तळचा गाळ पुन्हा पाण्यात कालवायचा आणि पुन्हा यंत्रात घालायचा. असे किती वेळा करावे? पेरँ यांनी एक किलोग्रॅम गॅम्बोज घेऊन कामास सुरुवात केली आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या हाती सारख्या आकाराचे कण आले ते अवघे काही दशांश ग्रॅम. धान्य पाखडून शेवटी चिमूटभर दाणे उरावेत, तसाच हा प्रकार.

आता या कणांचे माप काढायचे होते. केवळ सूक्ष्मदर्शकातून पाहून हे काम होण्यासारखे नव्हते. इतका बारीक कण प्रकाशाच्या स्वभावामुळे असतो त्याहून मोठा दिसतो. म्हणून पेरँ यांनी एकाऐवजी तीन युक्त्या योजिल्या. पायसाचा थेंब काचेवर वाळू दिला, की काही कण एकमेकांस खेटून रांगेत बसत. त्या रांगेची लांबी मोजून तिला कणांच्या संख्येने भागले, की एका कणाची रुंदी निघे. दुसरी युक्ती अशी : उभ्या बारीक नळीत पायस ठेवून पिवळ्या ढगाची वरची कड दिवसाला किती खाली उतरते, हे पाहावयाचे. गोल कण जितका मोठा, तितका तो लवकर खाली जातो आणि त्याचा नियम स्टोक्स या शास्त्रज्ञाने पूर्वीच सांगून ठेवला होता.

तिसरी युक्ती पायसाच्या टिकाऊपणावर आधारलेली होती. पायसातील कणांवर विद्युत्‌भार असतो. सगळ्यांवर एकाच जातीचा भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात व त्यांच्या गुठळ्या होत नाहीत. त्यात आम्ल मिसळले, की हा भार नाहीसा होऊ लागतो. दुधात लिंबू पिळले असता ते नासते, त्याचेही एक कारण असेच आहे. पेरँ यांनी आम्ल अगदी बेताने घातले. त्यामुळे गुठळ्या तर झाल्या नाहीत. परंतु भटकत भटकत काचेपाशी आलेला प्रत्येक कण तेथेच चिकटून बसला. मग ठराविक पायसातील कण निवांतपणे मोजता आले आणि तेवढ्या पायसात गॅम्बोजचे वजन किती, हे ठाऊक असल्याने एका कणाचे वजन व त्यावरून त्याचा आकारही निघाला. तिन्ही वाटांनी आलेली मापे इतकी जुळली की, त्यांत शंभरात एखाद-दुसऱ्या भागापलीकडे फरक नव्हता.

यानंतर पेरँ मुख्य प्रयोगाकडे वळले. रक्तातील पेशी मोजण्यासाठी असते तसे एक दशांश मिलिमीटर खोलीचे काचेचे पात्र घेऊन त्यात त्यांनी पायसाचा थेंब ठेवला. काही तासांत कणांचा तोल साधला गेला. पुढे कित्येक दिवसांनी पाहिले तरी त्यांची वाटणी बदललेली नसे. आता वेगवेगळ्या उंचीवरील कण मोजावयाचे होते. पण नाचणारे कण मोजणार कसे? पेरँ यांनी सूक्ष्मदर्शकात सुईने भोक पाडलेली एक चकती बसविली. त्या भोकातून एका वेळी पाच-सहाच कण दिसत आणि सोंगटीवरील ठिपके ओळखावेत तसे ते एका नजरेत मोजता येत. दर पंधरा सेकंदांनी क्षणभर पाहावयाचे आणि आकडा टिपावयाचा. एका प्रयोगमालेत अशा रीतीने तेरा हजार कण मोजले गेले. त्या कणांचा व्यास अर्ध्या मायक्रॉनहून थोडा कमी होता. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

तळापासून ५, ३५, ६५ व ९५ मायक्रॉन या चार उंचींवर मोजणी झाली. सर्वांत खाली १०० कण धरले, तर त्यावर ४७, त्याच्यावर सुमारे २३ आणि सर्वांत वर १२ असे प्रमाण पडले. म्हणजे दर ३० मायक्रॉनला संख्या जवळजवळ निम्मी होत होती. हवेत जे साडेपाच किलोमीटरमध्ये घडते, ते येथे केसाच्या जाडीहूनही कमी अंतरात घडत होते. या दोन अंतरांची तुलना करताच हिशेब पुढे सरकला. पाण्यातील कणाचे उरलेले वजन हवेच्या रेणूच्या सतरा-अठरा कोटी पटींच्या घरात निघाले. कणाचे वजन तर पेरँ यांना ठाऊक होते. साहजिकच रेणूचेही वजन कळले. त्यावरून अठरा ग्रॅम पाण्यात किती रेणू असतात, हेही सांगता येऊ लागले. पेरँ यांनी काढलेली संख्या ६८ या आकड्यापुढे बावीस शून्ये, एवढी होती. आज ती ६० या आकड्यापुढे बावीस शून्ये यांच्या किंचित वर मानली जाते. सुईने भोक पाडलेल्या चकतीतून केलेल्या मोजणीचे हे फळ लक्षात घेता एवढा फरक फारसा खटकत नाही.

हा शोध १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. पेरँ तेवढ्यावर थांबले नाहीत. लहान कण, मोठे कण, दुसऱ्या राळेचे कण, घट्ट द्रवातील कण, असे त्यांनी सर्व बदलून पाहिले. संख्या दर वेळी त्याच घरात येई. एक एक कण दर तीस सेकंदांनी कोठे पोहोचतो, हे कागदावर टिपून त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी आइन्स्टाइन यांचे गणितही पडताळले. त्यांच्या प्रयोगशाळेतील बाँस्लँ यांनी पायसाचा दाटपणा मोजला, तेव्हा तो आइन्स्टाइन यांच्या सूत्राशी जुळेना. आइन्स्टाइन यांनी आपले गणित पुन्हा तपासावयास लावले आणि त्यात खरोखरच चूक सापडली! १९११ मध्ये त्यांनी ती दुरुस्त केली.

१९०९ मध्ये ऑस्टवाल्ड यांनी आपल्या ग्रंथात अणूंचे अस्तित्व सिद्ध झाल्याचे उघडपणे मान्य केले. आपले जन्माचे मत पुराव्यापुढे बदलणे सोपे नसते. ते त्यांनी केले, हे त्यांचेही मोठेपण होय. पेरँ १९१० मध्ये सॉर्बोन येथे प्राध्यापक झाले. त्यांचा अणूंवरील ग्रंथ १९१३ मध्ये निघाला व अनेक भाषांत गेला. १९२६ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुलांना शिकविणे पेरँ यांना फार आवडे. मादाम मारी क्यूरी या त्यांच्या शेजारी व स्नेही. या मंडळींनी मिळून आपल्या मुलांसाठी सुमारे दोन वर्षे एक निराळीच शाळा चालविली. तेथे क्यूरी, पेरँ, पॉल लांजव्हँ हे शास्त्रज्ञच गुरुजी होते. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारी इरेन क्यूरी ही त्या शाळेतली एक विद्यार्थिनी. सामान्य लोकांनाही प्रयोग डोळ्यांनी पाहता यावेत, म्हणून पेरँ यांच्या पुढाकाराने १९३७ मध्ये पॅरिसमध्ये एक विज्ञानमंदिर उघडण्यात आले. फ्रान्सच्या सरकारात काही काळ त्यांनी शास्त्रीय संशोधनाचे खाते सांभाळले. त्यांच्याच प्रयत्नांतून १९३९ मध्ये फ्रान्सचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले.

त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. १९४० मध्ये जर्मन सैन्याने पॅरिस घेतले. हिटलरच्या राजवटीचे पेरँ कडवे विरोधक होते. सत्तरी ओलांडलेल्या या वृद्ध शास्त्रज्ञास देश सोडून अमेरिकेचा आश्रय घ्यावा लागला. तेथे न्यूयॉर्क शहरी १७ एप्रिल १९४२ रोजी त्यांचे देहावसान झाले. स्वतंत्र झालेला फ्रान्स त्यांना पाहता आला नाही. युद्ध संपल्यावर त्यांचा देह युद्धनौकेवरून मायदेशी आणण्यात आला. नोव्हेंबर १९४८ मध्ये, फ्रान्सच्या थोर पुरुषांचे समाधिस्थान असलेल्या पॅरिसमधील पाँथेऑन या वास्तूत, त्यांचे जुने मित्र लांजव्हँ यांच्यासह एकाच दिवशी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.