उशिरा उमललेला चित्रकार : कोनराड मॅगी

कोनराड मॅगी हे नाव ऐकून वर्गात मुलं हसतील. हसू द्या! एस्टोनियन भाषेत 'मॅगी' म्हणजे डोंगर.

मॅगी यांचा जन्म १ नोव्हेंबर १८७८ चा, एस्टोनियातला. लहानपणीच कुटुंब तार्तू या नदीकाठच्या शहरात आलं. नदीचं नाव एमायोगी, म्हणजे 'आई-नदी'. तरुणपणी त्यांनी तिथल्या फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम केलं. कला शिकायला सेंट पीटर्सबर्गला गेले तेव्हा वय होतं २४. पुढे पॅरिसमध्ये गरिबीत दिवस काढले. १९०८ ते १९१० या काळात नॉर्वेत त्यांना स्वतःचे रंग सापडले, म्हणजे तिशीच्या आसपास. मग सारेमा बेटाचा किनारा, दक्षिण एस्टोनियातली तळी, व्हेनिसचे कालवे त्यांनी धाडसी, झगझगीत रंगांत रंगवले.

१९१९ मध्ये तार्तूत 'पॅलास' ही कलाशाळा सुरू झाली. तिचे पहिले संचालक मॅगीच! ज्या शहरात कधीकाळी लाकूडकाम केलं, तिथेच ते विद्यार्थ्यांना चित्रकला शिकवू लागले. १९२५ मध्ये, अवघ्या ४६ व्या वर्षी, तार्तूतच त्यांचं निधन झालं.

आपल्याही वर्गात, घरात एखादं मूल उशिरा उमलणारं असतं. चौथी-पाचवीतच 'याला चित्रकला जमत नाही' असा शिक्का मारायची घाई नको.