बलवंतची ख्याती : मास्टर दीनानाथ

पुस्तपालनाच्या पुस्तकात ‘ख्याती’ नावाची एक मालमत्ता असते. ती हाताने चाचपता येत नाही, गोदामात ठेवता येत नाही, तिला कुलूप घालता येत नाही. पण भागीदारी मोडायची वेळ आली की तिची किंमत ठरवताना भागीदारांचे डोके दुखते. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांचे चरित्र वाचताना वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ही ख्याती सारखी आठवत राहते. नाटक मंडळी म्हणजे तरी काय? भागीदारीचा धंदाच. पडदे, पेट्या, दागिने, झिरमिळ्या या मालमत्तेवर दरसाल घसारा लावता येतो. पण रात्री दहा वाजता सुरू होऊन पहाटे विरून जाणाऱ्या गाण्यावर घसारा कसा लावायचा?

दीनानाथांचा जन्म 29 डिसेंबर 1900 रोजी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. वडील गणेशभट नवाथे मंगेशाच्या देवळात अभिषेकी होते, आई येसूबाई देवळाच्या सेवेतल्या कलावंत घराण्यातली. मुलाने आडनाव घेतले ते गावाचे आणि देवाचे. त्या काळी गोव्यातल्या देवळांनी गाणे-बजावणे सांभाळले खरे, पण गाणाऱ्यांना समाजाने मान दिला नाही, ही गोष्ट आपण आज उघडपणे बोलायला हवी. या मुलाजवळ घराण्याचा रुबाब नव्हता की इस्टेट नव्हती. होता तो आवाज, आणि बाबा माशेलकरांकडून मिळालेली पहिली तालीम.

तेरा-चौदा वर्षांचा असताना तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. मंडळी तेव्हा अडचणीत होती. 1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडून त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली होती, आणि जुन्या घराला नव्या आवाजाची निकड होती. हे जुने घर म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ करून उभे केलेले. अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्याच्याही आधी, 1843 साली, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, त्यामागेही कर्कीच्या भागवत मंडळींचा कानडी खेळ होता. आपल्या कानडी विभागातल्या मित्रांनी मराठी नाटकावर थोडाफार हक्क सांगितला, तर मराठी विभागाने तो मुकाट्याने मान्य करावा हे बरे!

1918 साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून ‘बलवंत संगीत मंडळी’ उभी केली. (अण्णासाहेब किर्लोस्करांचे नावही बळवंतच.) दीनानाथांचे वय अठरा पूर्ण नव्हते. म्हणजे आजच्या हिशेबाने अकरावी-बारावीतला मुलगा, आणि डोक्यावर साऱ्या बिऱ्हाडाचा भार. नाटक कंपनी म्हणजे नट, साथीदार, रंगपट सांभाळणारे, आचारी, सगळ्यांचा एकत्र संसार. मुक्काम हलला की सगळे सामान रेल्वेत चढवायचे, आणि नव्या गावात पहिल्या खेळाचे उत्पन्न येईपर्यंत देणेकऱ्यांना तोंड द्यायचे.

राम गणेश गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ या मंडळीला मिळाले. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी वारले आणि नाटक त्यापूर्वी थोडेच दिवस हातावेगळे झाले होते. लेखकाने ते रंगभूमीवर पाहिलेच नाही. चिंतामणराव त्यात घनश्याम झाले, दीनानाथ लतिका. या नाटकात बलवंतची जात कळते. काही कंपन्यांत एक गाणारा सूर्य आणि बाकीचे सारे ग्रह, असा प्रकार असे. इथे एका प्रवेशात चिंतामणरावांचे धारदार गद्य लोक श्वास रोखून ऐकत आणि पुढच्या प्रवेशात गाण्यासाठी पुढे सरकून बसत. पुढे ‘राजसंन्यास’मध्ये शिवांगी, ‘पुण्यप्रभाव’मध्ये कालिंदी अशा एकामागून एक भूमिका दीनानाथांनी केल्या.

आता त्या रात्रींविषयी. ध्वनिक्षेपक नव्हता. किटसनच्या बत्त्या, बाजूला ऑर्गन, सारंगी आणि तबला, आणि समोर पिटापासून कोचापर्यंत ठासून भरलेले थिएटर. शेवटच्या ओळीतल्या माणसाचे तिकीट सर्वांत स्वस्त, आणि गाणे त्याच्यापर्यंत पोचले नाही तर तोच सर्वांत आधी बोलणार. दीनानाथांचा सूर उंच, टोकदार, बाण सुटावा तसा. पंजाबी ढंगाच्या झटकन वळणाऱ्या ताना, मध्येच अनपेक्षित स्वरावर घेतलेली झेप आणि तिथून अचूक समेवर येणे; ऐकणाऱ्याला क्षणभर वाटे की हा आता पडला, आणि तो तर हसत उभा! ‘वन्समोअर’ची आरोळी उठे ती या धोक्यासाठी. तेच पद पुन्हा आले की त्यात नवी जागा असे, म्हणून पुन्हा वन्समोअर. जाणकार सांगतात की हे गाणे ऐकायला तेच लोक त्याच नाटकाला पुन्हा पुन्हा येत. कथानक त्यांना पाठ असे. आज पदाचे काय होणार, हे मात्र कुणालाच ठाऊक नसे.

अशा काळात बालगंधर्वांपेक्षा वेगळे गाणे ही छोटी हिंमत नव्हे. सारा महाराष्ट्र गंधर्वांच्या लडिवाळ स्वराने वेडा झालेला, घरोघरच्या स्त्रिया त्यांच्यासारखे पातळ नेसू लागलेल्या. स्त्रीभूमिका करणाऱ्या कुठल्याही नटाने त्यांची नक्कल केली असती तरी गल्ला भरला असता. दीनानाथांनी ती केली नाही. त्यांच्या नायिका तडफदार. वीर वामनराव जोश्यांच्या ‘रणदुंदुभि’त (1927) ते तेजस्विनी झाले, ते नावच त्यांच्या गाण्याचे वर्णन आहे. ‘मानापमान’ तर टेंब्यांच्या चालींनी आधीच गाजलेले. त्यात धैर्यधराची पुरुषभूमिका घेऊन त्यांनी त्या पदांना स्वतःचा रंग दिला. काही जुन्या रसिकांना तो रुचला नाही, काहींनी तोच डोक्यावर घेतला. गंधर्वांचे भक्त आणि दीनानाथांचे चाहते यांच्यातले वाद ते दोघे गेल्यावरही पुष्कळ वर्षे चालत राहिले. मला स्वतःला या भांडणाचा निकाल लागू नये असे वाटते. दोन्ही पक्षांनी त्यामुळे गाणे अधिक बारकाईने ऐकले.

या तडफेला शिस्त लावली ती रामकृष्णबुवा वझ्यांनी. बुवा ग्वाल्हेर परंपरेचे मोठे गवई. बेळगावात त्यांचे शिष्य होते, त्यामुळे या भागात त्यांचे नाव अजून आदराने निघते. दीनानाथांनी त्यांचा गंडा बांधला आणि बलवंतच्या ‘रणदुंदुभि’, ‘संन्यस्त खड्ग’ या नाटकांच्या चालीही बुवांच्याच. ‘संन्यस्त खड्ग’ 1931 चे. ते लिहिणारे सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. स्वातंत्र्याचा विषय आणि चढ्या सुरात भिडणारा हा आवाज यांचा मेळ कसा बसला असेल, ते वेगळे सांगायला नको. सरकारची करडी नजर भाषणांवर असे. नाटकातल्या पदाला टाळी देणाऱ्या हजार माणसांना पकडणार कोण?

मग आला बोलपट. 1931 साली ‘आलम आरा’, 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. रात्रभर जागायला नको, तिकीट थोडे, आणि एकच गाणे एकाच वेळी पन्नास गावांत. नाटक मंडळीचा खर्च रोजचा आणि उत्पन्न मात्र खेळापुरते. चित्रपटाचा खर्च एकदाच. हे गणित पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुटेल. 1933 साली विश्राम बेडेकरांचे ‘ब्रह्मकुमारी’ रंगभूमीवर आले, पण ओसरलेली गर्दी परतली नाही. तेव्हा भागीदारांनी त्याच नदीत उडी घेतली. 1934 साली बलवंत पिक्चर्सचा ‘कृष्णार्जुन युद्ध’ निघाला. तो चालला नाही आणि कर्जाने कंपनी बुडाली. त्यांनी नाटकालाच धरून राहायला हवे होते, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. गंधर्वांनीही पुढल्याच वर्षी ‘धर्मात्मा’ केला. ‘ललितकलादर्श’ही 1937 साली बंद झाली. पूर सगळ्यांनाच आला होता, बलवंतची नाव लहान होती इतकेच. मात्र हजारो चाहत्यांच्या टाळ्यांतून एक दमडीही गंगाजळीत साठवता आली नव्हती, हे वाचताना मन विषण्ण होते.

अखेरचा काळ पुण्यात गेला. कर्ज, ढासळलेली प्रकृती आणि पाच मुले. 24 एप्रिल 1942 रोजी ते गेले तेव्हा वय अवघे एकेचाळीस, आणि थोरली लता बारा वर्षांची. तिने त्यानंतर घर कसे सावरले, ते साऱ्या देशाला माहीत आहे.

दीनानाथांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. त्या ऐकून हे गाणे फार घाईचे, फार चमत्कृतीचे आहे असा शेरा काही लोक मारतात. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. रंगमंचावर अर्धा तास फुलणारे पद तीन मिनिटांत कोंबले की ते घाईचे वाटणारच. उरलेली सत्तावीस मिनिटे ऐकणाऱ्यांच्या कानांत राहिली. त्यांपैकीच एक वसंतराव देशपांडे. ते दीनानाथांना गुरुस्थानी मानत. 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये खाँसाहेब झालेल्या वसंतरावांची तान ऐकून जुनी माणसे एकमेकांकडे पाहू लागली, ती काही उगाच नव्हे. त्या नाटकाचे संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि तेही मंगेशीचेच.

पणजीला कला अकादमीच्या मोठ्या नाट्यगृहाला दीनानाथांचे नाव आहे. पण आमच्या डिचोली तालुक्यात, लाटंबार्सेसारख्या गावात, त्यांची आठवण निघते ती देवळाच्या उत्सवातल्या नाटकाला. दिवसभर काजूच्या बागेत किंवा दुकानात राबलेला हौशी गडी धैर्यधर होऊन उभा राहतो, पेटीवाला सूर देतो, आणि मांडवातला एखादा म्हातारा पद सरळ म्हटले की मान हलवतो, जागा घेतली की सरसावून बसतो. सूर चुकला तरी त्या गड्याला तो क्षमा करतो, मात्र नुसती तबकडी पाठ करून म्हटलेल्या पदाला वन्समोअर देत नाही.