निराधार मुलांसाठी दार उघडे ठेवणारे डॉ. बर्नार्डो

एकोणिसाव्या शतकातील लंडन ही जगातील सर्वांत श्रीमंत साम्राज्याची राजधानी होती. मात्र, याच शहराच्या पूर्व भागात शेकडो मुले पिंपांत, पुलांखाली आणि घरांच्या छपरांवर रात्र काढत होती. या मुलांना निवारा आणि शिक्षण देण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. थॉमस जॉन बर्नार्डो यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांचे कार्य जितके मोठे, तितकेच ते वादग्रस्तही ठरले.

बर्नार्डो यांचा जन्म ४ जुलै १८४५ रोजी आयर्लंडमधील डब्लिन येथे झाला. वडील फरचे व्यापारी होते. ऐन तारुण्यात, १८६२ मध्ये ख्रिस्ती धर्मजागृतीच्या लाटेचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. चीनमध्ये वैद्यकीय मिशनरी म्हणून जाण्याच्या इराद्याने ते १८६६ मध्ये लंडनला आले. त्याच वर्षी शहरात पटकीची साथ पसरली आणि हजारो माणसे दगावली. पूर्व लंडनमधील गरिबी त्यांनी जवळून पाहिली आणि दुसऱ्याच वर्षी तेथील गरीब मुलांसाठी एक मोफत शाळा सुरू केली.

बर्नार्डो यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, एका रात्री वर्ग सुटल्यावर जिम जार्विस नावाचा मुलगा शाळेतून हलेचना. जायला घरच नाही, असे त्याने सांगितले. त्यानेच बर्नार्डोंना एका छपरावर नेऊन थंडीत कुडकुडत झोपलेली मुले दाखवली. चीनचा विचार मागे पडला. १८७० मध्ये स्टेपनी कॉजवे येथे मुलांसाठी त्यांचे पहिले वसतिगृह सुरू झाले.

सुरुवातीला जागा आणि पैसा पाहूनच मुले घेतली जात. लाल केसांमुळे 'गाजर' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या अकरा वर्षांच्या जॉन सोमर्सला, जागा नसल्याने, परत पाठवण्यात आले. काही दिवसांतच तो उघड्यावर मृतावस्थेत सापडला. भूक आणि गारठा यांनी त्याचा बळी घेतला होता. या घटनेने बर्नार्डो हादरले. यापुढे कोणत्याही निराधार मुलाला दारातून परत पाठवायचे नाही, असा निर्णय त्यांनी घेतला आणि तशी पाटीच इमारतीवर लावली. त्या काळी अनेक अनाथालयांत देणगीदारांची मते मिळवल्यावरच मुलाला प्रवेश मिळे. त्या पार्श्वभूमीवर हे पाऊल धाडसाचे होते.

वसतिगृहातील मुलांना लिहिण्या-वाचण्याबरोबर सुतारकाम, चांभारकाम, ब्रश तयार करणे असे व्यवसाय शिकवले जात. १८७३ मध्ये सिरी एल्म्स्ली यांच्याशी विवाह झाल्यावर मुलींसाठीही काम सुरू झाले. मुलींना मोठ्या बराकीत कोंडण्यापेक्षा घरासारखे वातावरण हवे, हे बर्नार्डोंच्या लक्षात आले. १८७६ मध्ये बार्किंगसाइड येथे छोट्या घरांचे एक गावच वसवण्यात आले. प्रत्येक घराची जबाबदारी एका 'आई'कडे असे. १८७७ मध्ये कॉपरफील्ड रोडवर कालव्याकाठच्या गोदामांत मोफत शाळा उघडली. तेथे शिक्षणाबरोबर जेवणही मिळे. ही शाळा १९०८ मध्ये बंद झाली. तिच्या इमारतीत १९९० मध्ये संग्रहालय सुरू झाले.

पण देणग्या मिळवण्यासाठी बर्नार्डो यांनी वापरलेले मार्ग निर्दोष नव्हते. फाटक्या कपड्यांतील मूल आणि संस्थेत आल्यानंतरचे नीटनेटके मूल, अशी छायाचित्रे ते विकत. ती बनावट असल्याचा आरोप झाला. पदवी नसताना 'डॉक्टर' म्हणवून घेतल्याबद्दलही टीका झाली. वैद्यकीय परवाना त्यांनी १८७६ मध्ये एडिंबरा येथे मिळवला. १८७७ मध्ये लवादापुढे चौकशी झाली. बहुतेक आरोपांतून ते सुटले. मात्र, छायाचित्रांतील बनावाबद्दल लवादाने त्यांना दोष दिला.

याहून गंभीर प्रश्न होता तो आई-वडिलांच्या हक्काचा. वाईट परिस्थितीतून मुलाला सोडवायचे, तर पालकांची संमती नसली तरी चालेल, अशी त्यांची धारणा होती. प्रॉटेस्टंट संस्थेत ठेवलेली आपली मुले परत मिळावीत, यासाठी काही मातांनी न्यायालयात धाव घेतली. हॅरी गॉसेज या मुलाला बर्नार्डोंनी कॅनडातील एका गृहस्थाच्या हवाली केले होते. हे प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १८९२ मध्ये निकाल बर्नार्डोंच्या विरोधात लागला. दरम्यान १८९१ मध्ये, मुलाला सोडून देणाऱ्या पालकांच्या हक्कावर मर्यादा घालणारा कायदा ब्रिटिश संसदेने संमत केला. तो 'बर्नार्डो कायदा' म्हणूनच ओळखला गेला.

दार सर्वांसाठी उघडे ठेवायचे, तर आतली जागा सतत रिकामी करावी लागे. त्यासाठी १८८२ पासून मुलांच्या तुकड्या कॅनडाला रवाना होऊ लागल्या. पुढील काही दशकांत संस्थेने सुमारे ३० हजार मुले तिकडे पाठवली. काहींना चांगली घरे मिळाली. मात्र, अनेकांच्या वाट्याला शेतावरील कष्ट, मारहाण आणि एकाकीपण आले. विविध संस्थांनी ब्रिटनमधून परदेशी पाठवलेल्या अशा मुलांची ब्रिटिश सरकारने २०१० मध्ये जाहीर माफी मागितली. कॅनडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहानेही २०१७ मध्ये दिलगिरी व्यक्त केली.

१९ सप्टेंबर १९०५ रोजी बर्नार्डो यांचे निधन झाले. तोपर्यंत सुमारे ६० हजार मुलांनी त्यांच्या संस्थेचा उंबरठा ओलांडला होता. संस्थेच्या डोक्यावर मोठे कर्जही होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थेने मोठी अनाथालये टप्प्याटप्प्याने बंद केली. मुलाला घरापासून तोडण्यापेक्षा त्याच्या कुटुंबाला आधार देणे आणि ते शक्य नसेल तेथे पालक-कुटुंब शोधणे, यावर भर दिला.

रस्त्यावरच्या मुलाला छप्पर आणि पाटी-पुस्तक मिळायलाच हवे, हे बर्नार्डो यांनी एका उदासीन शहराला पटवून दिले. त्या मुलाला स्वतःची माणसेही असतात, याची जाणीव मात्र समाजाला फार उशिरा झाली. निराधार बालकांसाठी काम करणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या चरित्रातून या दोन्ही गोष्टी घ्यायला हव्यात.